बदली न झालेला माणूस

१९१० साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, फ्लॉरेन्स काउंटीत, जेरी मूर नावाच्या एका शाळकरी पोरानं एका एकरात २२८ आणि वर पाऊण बुशेल मका काढला. आपल्या हिशेबात एकरी ५८ क्विंटल. त्या काळी सबंध अमेरिकेची सरासरी ३० बुशेलच्याही आत होती, म्हणजे साडेसात क्विंटलच्या आसपास. अशी बातमी पसरली की गावात काय होतं, हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. पारावर आधी 'मापात गडबड असणार' हे एकमतानं ठरतं. मग दोन दिवसांनी कुणीतरी हळूच विचारतं, बी कुठलं वापरलं होतं म्हणे?

हा प्रश्न विचारला जावा, एवढ्यासाठीच पोरांना एकेक एकर पिकवायला देण्याचा तो सगळा खटाटोप होता. सरकारी माणूस बांधावर येऊन 'अशी पेरणी करा, तशी खतं द्या' म्हणायला लागला की शेतकरी मान डोलावतो आणि माणूस वळला की जे करायचं तेच करतो. अमेरिकेतही हेच. सीमन नॅप नावाच्या सत्तरीतल्या गृहस्थांना हे नीट कळलं होतं. टेक्सासमध्ये कापसावर बोंडातला भुंगा आला होता आणि शेतकरी मेटाकुटीला आले होते. १९०३ मध्ये टेरेल गावच्या एका शेतकऱ्याच्या रानात नॅपनी प्रात्यक्षिक लावलं. नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी आधीच पैसे बाजूला काढून ठेवले होते. नॅप यांचं म्हणणं साधं होतं: माणसानं जे ऐकलं त्यावर तो शंका घेईल, पाहिलं त्यावरही घेईल, पण स्वतःच्या हातानं केलं त्यावर कशी घेणार? आणि बाप हात लावायला तयार नसेल तर पोराला एक एकर द्या. १९०७ च्या सुमाराला मिसिसिपीच्या होम्स काउंटीत मुलांचं 'कॉर्न क्लब' निघालं, १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एकन काउंटीत मरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींचं टोमॅटोचं क्लब काढलं. पोरं पिकवतात, मुली डबे भरून विकतात, आणि बापमंडळी कुंपणाबाहेरून बघतात.

अशी सुरुवात झालेल्या कामाला पुढं फोर-एच (हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ हे चार 'एच') म्हणायला लागले, आणि ते काम ज्याच्या गळ्यात पडलं तो काउंटी एजंट. आपल्याकडच्या तालुक्याएवढी किंवा थोडी मोठी जी काउंटी, तिचा शेतीचा माणूस. आयोवा राज्यात अशा ९९ काउंट्या आहेत. त्यातल्या एकीत मी नवऱ्याच्या ट्रॅक्टर कंपनीतल्या नोकरीपायी येऊन पडले, आणि आल्यावर काही वर्षांनी मुलीच्या हट्टापायी त्या एजंटच्या ऑफिसात गेले. तिला बोकड पाळायचा होता.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मराठवाड्यात कृषी खात्यात होते. आमच्या लहानपणी 'प्रशिक्षण आणि भेट योजना' होती. ठरलेल्या पंधरवड्याला ठरलेल्या गावी, ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याकडं सायकलवर जायचं, सांगायचं, डायरीत लिहायचं. अण्णा हे काम मनापासून करत. पण एखाद्या गावात लोक त्यांना चहा विचारायला लागले, पोरं मागं धावायला लागली, की बदलीचा कागद यायचा. मग पुन्हा नवं गाव, पुन्हा पहिल्यापासून 'हे नवे साहेब कोण?' त्यामुळं आयोवातला हा माणूस एकाच खुर्चीत अडीच तपं बसून आहे हे ऐकलं तेव्हा मला पहिला विचार आला तो हाच: यांचा वशिला कुठं असेल?

वशिला नव्हता, रचना वेगळी होती. ८ मे १९१४ ला स्मिथ-लीव्हर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली आणि एजंटचा पगार तीन खिशांतून यायला लागला: थोडा वॉशिंग्टनहून, थोडा राज्याकडून, थोडा त्या काउंटीच्या लोकांच्या करातून. नोकरी राज्याच्या कृषी विद्यापीठाची, पण ऑफिस काउंटीच्या गावात. आयोवात तर प्रत्येक काउंटीत नऊ जणांची एक्स्टेन्शन कौन्सिल, म्हणजे शेतीचं ज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या 'विस्तार' कामाची समिती, लोक मत देऊन निवडतात. तिथं बसलेला माणूस 'आपला' असतो. त्याला उचलून दुसरीकडं टाकायची घाई कुणाला नसते. आपल्याकडं या अमेरिकन नमुन्यातलं बरंच काही आलं. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यातून ग्रामसेवक आला. पुढं पंतनगरपासून परभणीपर्यंत कृषी विद्यापीठं याच धर्तीवर निघाली. पण विस्ताराचं काम विद्यापीठाकडं न जाता बहुतेक ठिकाणी सरकारी खात्याकडंच राहिलं, आणि खातं आलं की बदली आलीच. पोरांचा भाग तर वाटेतच कुठंतरी गळाला.

आयोवाला या पोरांच्या कामाचा फार अभिमान. नैऋत्य कोपऱ्यात पेज काउंटी आहे, तिथल्या क्लॅरिंडा गावच्या संग्रहालयात गोल्डनरॉड नावाची एकखोली शाळा जपून ठेवली आहे. जेसी फील्ड १९०१ मध्ये त्या शाळेत शिकवायला आली. शाळा सुटल्यावर मुलांचं मक्याचं आणि मुलींचं घरकामाचं क्लब घ्यायला लागली. १९०६ मध्ये ती काउंटीची शाळा अधीक्षक झाली आणि आपल्या अखत्यारीतल्या शाळा-शाळांतून क्लबं काढली. बक्षीस म्हणून तिनं तीन पानांच्या क्लोव्हरचा (चाऱ्याच्या एका रोपाचा) बिल्ला काढला, मधोमध मक्याचा दाणा. (चौथं पान पुढं जोडलं गेलं.) ती एजंट नव्हती, मास्तरीण होती, पण या कामाचा नमुना तिनंच घालून दिला असं इथले लोक मानतात. लग्नानंतर ती क्लॅरिंडातच राहिली.

आमच्या एजंटचं नाव मी लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. गावात शेंबडं पोरही त्यांना नुसत्या नावानं हाक मारतं. मला ते कधीच जमलं नाही. मी 'सर' म्हणायची, तर ते मागं वळून बघायचे, कोण आलं म्हणून.

बोकडाचं म्हणजे असं झालं. आमचं घर गावात, त्यामुळं शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात जागा मिळाली. बोकड बोअर जातीचा, खच्ची केलेला, कानात बिल्ला अडकवलेला. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. सासूबाईंना फोनवर 'शेळी पाळलीय' एवढंच सांगितलं होतं. शेळीच्या शेवटी काय होतं ते सांगितलं नव्हतं. मुलगी रोज सकाळी शाळेआधी गोठ्यात जायची, खुराक मोजून घालायची, लेंड्या काढायची, आणि साखळी धरून त्याला चालवायची. आणि एक वही भरायची. ही वही म्हणजे फोर-एचचा खरा जीव. विकत घेतलं कितीला, खुराक किती पौंड, कितीचा, औषध कोणतं, वजन कधी किती भरलं, आणि शेवटी रोज सरासरी किती वजन वाढलं. ज्या प्राण्याला पोरानं नाव ठेवलंय त्याचाच रुपया-आणा-पैचा हिशेब.

जुलैत काउंटीची जत्रा भरते. आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारासारखीच: धूळ, ऊन, लाऊडस्पीकर, तळलेल्या पदार्थांचा वास, आणि वर्षभरात न भेटलेली माणसं. इथं परीक्षक नुसतं जनावर बघत नाही, पोराला प्रश्न विचारतो. खुराकात प्रथिनं किती? या महिन्यात वजन का थांबलं? फिती निळ्या, तांबड्या, पांढऱ्या. स्पर्धा शेजारच्या पोराशी लावत नाहीत, ठरवून दिलेल्या कसोटीशी लावतात, म्हणून एकाच गटात पाच जणांनाही निळी मिळू शकते. याला इथं डॅनिश पद्धत म्हणतात. मला ही पद्धत आवडली होती, आमच्या मुलीला तांबडी फीत मिळेपर्यंत.

ती रडत गोठ्याच्या मागं जाऊन बसली. मी समजूत घालायला निघाले होते, तेवढ्यात एजंट आले. हातात तिची वही. ते तिच्याशेजारी गवताच्या गठ्ठ्यावर बसले, गुडघ्याचा आवाज झाला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि जूनचं पान उघडलं.

"हे दोन आठवडे खुराकाची ओळ रिकामी आहे. याचा उपास होता का?"

ती म्हणाली, नाही, आम्ही शिकागोला गेलो होतो, त्या काकांनी खायला घातलं.

"किती?"

माहीत नाही.

"मग परीक्षकाला तू काय सांगणार?"

एवढंच. पाठीवर हात नाही, 'पुढच्या वर्षी जमेल' नाही. वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली आणि ते दुसऱ्या गोठ्याकडं गेले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. लेकीला आला नाही. ती उठली, शेजारच्या काकांना शोधून काढलं आणि मापाचा डबा किती पौंडांचा आहे ते विचारून घेतलं. पेन्सिलनं त्या ओळी भरल्या आणि समासात लिहिलं, 'अंदाजे'.

शेवटच्या दिवशी लिलाव. गावातली बँक, पेंड विकणारा, यंत्रांचा डीलर, असे लोक बाजारभावापेक्षा चढी बोली लावून पोरांची जनावरं घेतात. पोरांच्या शिक्षणाला हातभार लावण्याची ती इथली रीत. मुलीनं साखळी दुसऱ्याच्या हातात दिली तेव्हा ती रडली नाही, मीच रडले. पैसे मात्र लगेच मिळाले नाहीत. एजंटचा नियम होता: ज्यानं जनावर घेतलं त्याला स्वतःच्या अक्षरात आभाराचं पत्र लिहायचं, पाकिटाला तिकीट लावून ऑफिसात आणून द्यायचं, मग चेक. टाइप केलेलं चालत नाही, आईनं लिहिलेलं तर अजिबात नाही. आईची अक्षरं त्यांना ओळखू येतात. का नाही येणार? निम्म्या आयांची पत्रं त्यांनीच पूर्वी घेतली होती.

एकाच जागी राहण्यातून हे असं काहीतरी येतं. एखादं पोर चौथीत क्लबात येतं ते बारावीपर्यंत राहतं. नऊ वर्षं. एवढा काळ एक माणूस त्याला बघतो: बुजरं, मग उर्मट, मग अंगावर जबाबदारी आल्यावर एकदम गप्प झालेलं. तीन वर्षांनी बदली होणाऱ्याला यातला एक तुकडा दिसणार, आणि तोही नेमका उर्मट वयातला.

पण 'आपला माणूस' या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख नुसता गोडवा गाईल. कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला घरच्यासारखे. १९०६ मध्ये त्यांच्या आराखड्यावरून ते शिकवत त्या अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत एक गाडी बांधली, न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप नावाच्या श्रीमंत गृहस्थांच्या पैशानं. खेचरं जोडलेली ती गाडी अवजारं, बियाणं, लोणी काढायचं यंत्र घेऊन गावोगाव फिरायची. ती चालवायला टस्कीगीचाच विद्यार्थी थॉमस मनरो कॅम्पबेल नेमला गेला. नोव्हेंबर १९०६ मध्ये टेक्सासच्या स्मिथ काउंटीत एका काउंटीपुरता पहिला एजंट नेमला गेला, त्याच महिन्यात कॅम्पबेल पहिला कृष्णवर्णीय एजंट झाला. १९५३ पर्यंत त्यानं हे काम केलं. खेचराच्या गाडीची पुढं मोटार झाली, एका काउंटीची सात राज्यं झाली. पण १९१४ च्या कायद्याचा पैसा दक्षिणेत गोऱ्यांच्या कृषी महाविद्यालयांतून वाटला जायचा, आणि कृष्णवर्णीय एजंटांनी आपली पोरं वेगळ्या क्लबांत, तुटपुंज्या साधनांवर वाढवली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय फोर-एच शिबिरात त्या पोरांना जागा नव्हती. १९४८ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं शिबिर भरवलं गेलं. पुढं १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दोन्ही यंत्रणा एक झाल्या, तेव्हा वीस-वीस वर्षं काम केलेल्या अनेक कृष्णवर्णीय एजंटांना गोऱ्यांच्या हाताखाली 'सहायक' म्हणून बसवलं. पगारात काउंटीचा वाटा असला की काउंटीच्या मनातली जातही त्या पगाराबरोबर येते. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा वेळी बदली करणारं दूरचं सरकारच कधीकधी बरं वाटतं.

अण्णा निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात आमच्याकडं आले होते. त्यांना मी जत्रेत नेलं आणि दोघांची गाठ घालून दिली. मी मधे दुभाषी. आधी पिकांच्या गप्पा. अण्णा कापूसवाले, ते बोंडअळीवर घसरले. हे मका-सोयाबीन-डुकरंवाले, त्यांनी कापूस शेतात उभा कधी बघितलाच नव्हता. मग अण्णांनी खात्याच्या माणसानं खात्याच्या माणसाला विचारायचे प्रश्न काढले.

"विचार त्यांना, किती गावं आहेत त्यांच्याकडं?"

सांगितलं.

"टीए बिल वेळेवर निघतं का?"

हे भाषांतर करायला मला वेळ लागला. समजल्यावर एजंट इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, मैलांचा हिशेब मी स्वतःच कित्येकदा लिहायचा विसरतो, आणि पोरांना वहीवरून बोलतो.

"आणि बदल्या कुठं कुठं झाल्या?"

हा प्रश्न मी दोनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. त्यांना तो कळला, पण पटला नाही. मला कशाला हलवतील, असा त्यांचा चेहरा. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हणजे वरची ओळख दिसते." मी ते भाषांतर केलं नाही.

मग १९८० च्या दशकाचा विषय निघाला. आयोवातली जमीन १९८१ मध्ये सरासरी एकरी २,१४७ डॉलरला होती, १९८६ मध्ये ७८७ ला आली. चढ्या भावात, चढ्या व्याजानं ज्यांनी जमिनी घेतल्या ते बुडाले. शेतांचे लिलाव, आत्महत्या. १९८५ मध्ये इथल्या विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन खात्यानं शेतकऱ्यांसाठी 'आयोवा कन्सर्न' ही फोनसेवा सुरू केली. ती आजही चालू आहे. अण्णा हे लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या जिल्ह्यानं हे नंतर बघितलं.

एजंट तेव्हा नोकरीत नवे होते. त्यांनी एक गोष्ट सांगितली, फार आढेवेढे घेत. एका घरावर बँकेची जप्ती आली. यादीत ट्रॅक्टर, गाई, वासरं, सगळं. त्यात त्या घरातल्या मुलाचं फोर-एचचं वासरूही धरलं होतं. मुलगा काही बोलेना, बाप तर बोलण्याच्या पलीकडं गेलेला. हे त्या मुलाची वही घेऊन बँकेत गेले. वासरू कोणत्या तारखेला, कुणाच्या पैशानं घेतलं, खुराकाचे पैसे कुणी दिले, सगळं त्या पोराच्या वेड्यावाकड्या अक्षरात. मॅनेजरनं पानं उलटली, बराच वेळ लावला आणि यादीतली ती ओळ खोडली.

"मग वाचलं वासरू?" अण्णांनी विचारलं.

"वाचलं कसलं, जत्रेत विकलं गेलं. पण विकलं त्यानं."

अण्णांनी हे वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं.

२००९ मध्ये पैशाची ओढाताण झाली आणि आयोवात काउंटीमागे एक प्रमुख ही पद्धत मोडली. काही काउंट्या मिळून एक विभाग झाला. आमचे एजंट त्याच सुमाराला निवृत्त झाले. निरोप-समारंभाला हॉल पुरला नाही, जेवणाच्या रांगा पार्किंगपर्यंत गेल्या. आता पोरांचं काम बघायला जी समन्वयक बाई आहे ती त्यांच्याच क्लबात वाढलेली. वजनाच्या दिवशी ते अजूनही येतात, काट्यापाशी उभे राहतात आणि तिला सूचना करण्याचा मोह टाळतात. नेहमी टाळता येतोच असं नाही.

परत गेल्यावर अण्णांनी माझ्याकडून वहीच्या पानांचे फोटो मागवले. गावच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना गाठून त्यांनी सातवी-आठवीच्या पोरांना परसात एकेक वाफा करायला लावलाय: मेथी, कोथिंबीर, वांगी. वहीचे रकाने त्यांनी मराठीत पाडून घेतले आणि त्यात एक नवा रकाना घातला, पाण्याचा. आयोवात आभाळातून पडतं तेवढ्यावर मका येतो, त्यामुळं इथल्या वहीत तो नाही. आता उन्हाळ्यात टँकर यायला लागला तसा प्रश्न पडला: टँकरचं पाणी खर्चात धरायचं का? अण्णांनी तो मला विचारला, मी एजंटना विचारला. त्यांचं उत्तर आलं की पैसे पोरानं दिले असतील तरच धरा, नाहीतर नफ्यातोट्याचं चित्र खोटं होतं. अण्णांना हे मुळीच मान्य नाही. टँकर फुकट येतो म्हणजे पाणी फुकट नसतं, पोरांनी लिटरमागे किंमत लिहिलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर एजंटनी एक लांबलचक ईमेल पाठवली आहे, आणि ती मराठीत करून अण्णांना वाचून दाखवायचं काम सध्या माझ्याकडं आहे.